मढच्या दुर्बिणीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी मऊ आवाजात आपले भोग सांगावेत आणि शेवटी सर्वांना आशीर्वाद द्यावा, अशी तुमची अपेक्षा असते हे मला ठाऊक आहे. आशीर्वादाचे शेवटी बघू. आधी माझी बाजू ऐकून घ्या, कारण मला भर गावात खोटारडी म्हटले गेले, आणि म्हणणाऱ्यांपैकी फक्त एकीने ते शब्द मागे घेतले.

माझा जन्म मुंबईच्या समुद्रकाठच्या मढ गावात, इसिडोरच्या घरामागच्या पडवीत झाला. इसिडोर तेव्हा तरुण होता आणि अंधेरीला चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात कामाला होता. जहाजे फोडतात तिथून त्याने जहाजाच्या खिडकीच्या दोन जाड गोल काचा मिळवल्या होत्या. लोखंडी पिंपात वाळू भरून त्यावर त्याने एक काच बसवली, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी टाकले, आणि दुसऱ्या काचेने घासत तो पिंपाभोवती चालू लागला. एक पाऊल टाकायचे, काच थोडी फिरवायची, पुन्हा घासायचे. कारखान्यातून आला की रोज हेच चाले. ती वरची काच म्हणजे माझा आरसा.

पलीकडच्या अंगणात उन्हाळ्यात गावातल्या बायका बाटली मसाला कुटायला बसत. इसिडोरने त्यांना हात जोडून सांगितले की वारा पडेपर्यंत कुटू नका, मिरचीचा एक कण माझ्या काचेवर बसला तर महिन्याची मेहनत पाण्यात जाईल. बायका हसल्या, पण थांबल्या. त्यात व्हॅलेन्सिया होती, शेजारची, खड्या आवाजाची. पुढे तिचा आवाज माझ्या कामी येणार होता.

आरसा झाला. जाड पुठ्ठ्याचे नळकांडे माझे अंग झाले. इसिडोरने त्याला आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला, दोन हात, अगदी तोंडापर्यंत. दुर्बिणीचे पोट काळेच असावे लागते, मित्रांनो. आत भटका उजेड शिरला तर तो काळ्या रंगात विरून जावा, आरशापर्यंत पोहोचू नये, म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी सारी बदनामी त्या रंगापाशी येऊन थांबते.

मग माझे चांगले दिवस आले. संध्याकाळी इसिडोर मला गच्चीवर उभी करी आणि गावातले लहानमोठे रांग लावत. शनी दाखवला की बायका तोंडावर हात ठेवत. इसिडोरची मुलगी हिल्डा स्टुलावर चढून पहिल्यांदा शनीची कडी बघायला आली तेव्हा मात्र तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली की आत कुणीतरी चित्र चिकटवले आहे. इसिडोर रागावला नाही. त्याने तिला मला हलवू दिले. शनी बाजूला सरकला, दिसेनासा झाला, तिने पुन्हा हुडकून काढला, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. ही मुलगी मला त्याच दिवशी आवडली. कौतुक करणारे खूप भेटले, तपासून घेणारी ती एकटीच.

पण चांगले दिवस टिकतात कुठे? समुद्राकडच्या बंगल्यांत सिनेमाचे शूटिंग वाढले. दिव्यांनी आभाळाची पार वाट लावली. इसिडोरचे गुडघे गेले आणि जिना चढणे सुटले. मला पडवीत जाळ्यांच्या ढिगामागे उभे केले गेले, आणि माझ्या तोंडात कोळ्याने घर केले. कोणी विचारले नाही. तक्रार तरी कुणाकडे करणार?

मग डॅरिलचे डोके चालले. डॅरिल हा हिल्डाचा धाकटा भाऊ. शूटिंगवाल्यांना जनरेटर, दिवे, खुर्च्या पुरवणे हा त्याचा धंदा. एका बंगल्यात राजवाड्याचा देखावा लागला होता आणि राजाच्या सज्जात ठेवायला काहीतरी भारदस्त हवे होते. डॅरिलने बापाला न विचारता मला टेम्पोत घातले. तिथे एका माणसाने फवाऱ्याने मला नखशिखान्त सोनेरी रंगवले. बाहेरून तर रंगवलेच, पण तोंडातून आतही फवारा मारला, कारण कॅमेऱ्याला आतला काळा भाग दिसत होता आणि तो म्हणे अशुभ वाटत होता! नंतर राजा झालेला नट आला, वाकला आणि त्याने माझ्या बुडाला डोळा लावला. तिथे लाकडाची फळी आहे, मित्रांनो. माझ्यातून बघायचे भोक वरच्या बाजूला कडेला असते. पण त्याला त्या फळीतून शत्रूचे सैन्य दिसले, त्याने तलवार उपसली आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. गाढवाला गुळाची चव काय!

मी परत आले. इसिडोर नुसता माझ्या अंगावरून हात फिरवत बसला.

मला पुन्हा उभे केले ते हिल्डाने. ती आता सांताक्रूझला विमानाने जाणाऱ्या मालाच्या ऑफिसात काम करते. पार्सल कुठे अडकले, कुठे चुकले, हे दिवसभर शोधायचे, त्यामुळे हरवलेल्या गोष्टींमागे लागण्याची तिला सवय आहे. तिच्या कानावर आले की दुसऱ्या ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरतात, आणि त्या ग्रहांना चंद्र असतील का, शनीसारखी कडी असतील का, याचा शोध जगभर चालला आहे. मुलुंडच्या श्रुतिकाचे हौशी आकाशनिरीक्षकांचे एक मंडळ आहे. आपापल्या गच्चीवरून तेही यात हातभार लावतात. हिल्डा त्या मंडळात गेली आणि घरी येऊन तिने जाळ्यांचा ढीग बाजूला केला.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. इतक्या लांबचा ग्रह माझ्यासारखीला दिसत नाही, मोठमोठ्या दुर्बिणींनाही सहसा दिसत नाही. दिसतो तो फक्त तारा. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, पेट्रोमॅक्ससमोरून डास गेल्यासारखा. शेजारच्या ताऱ्यांशी सतत तुलना करत राहायचे, तेव्हा तो फरक कळतो. आता ग्रहाला रुंद कडी असतील तर ग्रहाच्या आधी त्यांची कड ताऱ्यासमोर येईल, आणि उजेड आधीच थोडा उतरू लागेल. ग्रह गेल्यावरही तसेच. शिवाय हे दर वेळी घडायला हवे, कारण कडी कुठे पळून जात नाहीत. चंद्र तेवढा लबाड. तो कधी ग्रहाच्या पुढे असतो, कधी मागे, कधी आड दडलेला.

हिल्डाने माझा आरसा पाण्याखाली हळुवार धुतला. इसिडोरने ताऱ्यामागे संथपणे फिरणारी मोटर बसवून दिली आणि माझ्या भोकाला कॅमेरा लागला. मग रंगाचा प्रश्न आला. आत हात घालून इसिडोरने पुन्हा काळा रंग दिला, पण तोंडाशी वीतभर सोनेरी पट्टा राहिला. हिल्डाने विचारले तेव्हा तो म्हणाला, "राहू दे गो. नव्या होडीच्या तोंडाला आपण रंग नाय देत? ही पण लांबच चाल्लीय." फादरनी होड्यांना आशीर्वाद दिला त्या दिवशी माझ्याही अंगावर पवित्र पाणी शिंपडले गेले. मढशिवाय दुसऱ्या कुठल्या गावात दुर्बिणीला होडी समजून तोंडाशी सोने ठेवले असते? माया होती, म्हणून मी त्या पट्ट्यावर चिडू शकत नाही. बाकी सगळ्यांवर चिडू शकते.

मार्चमधली ती संध्याकाळ. सिंह राशीतल्या एका साध्या ताऱ्याकडे माझे तोंड होते. त्याचा ग्रह काही आठवड्यांनी एकदा त्याच्यासमोरून जातो. अंधार पडला, मी एकामागून एक फोटो घेत राहिले, आणि ग्रह यायच्या बऱ्याच आधी ताऱ्याचा उजेड हलकेच उतरला. मग ग्रह आला, गेला, आणि समुद्रावरून धुकट आले. पुढचे काही टिपता आले नाही. हिल्डा संगणकासमोर बसून त्या उतरत्या रेषेकडे कितीतरी वेळ बघत होती. शेवटी तिने मंडळाला कळवले की कडी असण्याची शक्यता वाटते, अजून तपासायला हवे.

शक्यता हा शब्द गावात पोहोचलाच नाही. अंधेरीहून निघणाऱ्या एका छोट्या वर्तमानपत्राने छापून टाकले की मढच्या मुलीने नव्या ग्रहाची कडी शोधली. लगेच गल्लीत फलक लागला, बँड आला. हिल्डा सांगत होती की थांबा, अजून खात्री नाही, पण ऐकतो कोण? मला खाली आणून झेंडूचा हार घातला, तोही माझ्या उघड्या तोंडावर! परागकण थेट आरशावर. ज्यांनी मला वर्षानुवर्षे जाळ्यांमागे कुजवले त्यांनीच माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढले. डॅरिल सर्वांत पुढे होता.

मग श्रुतिकाचा फोन आला. मुलुंडच्या गच्चीवरून त्याच संध्याकाळी त्यांनी तोच तारा टिपला होता आणि ग्रहाच्या आधी तिथे काहीही उतरलेले नव्हते. ती सभ्यपणे म्हणाली की दुर्बीण जुनी आहे, आरशात खोट असेल. मंडळातले बाकीचे इतके सभ्य नव्हते. एकाने लिहिले की मढला बोंबील वाळवतात, कडीही तिथेच वाळत घातली असतील. गावाने तर उचलली जीभ लावली टाळ्याला. फलक उतरला, आणि जे हार घालत होते तेच म्हणू लागले की हे भंगार खोटेच दाखवणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. अरे, जो उजेड माझ्या तोंडात पडला तोच मी पुढे दिला. माझ्या तोंडात काय पडते आहे ते कोणी पाहिले होते का?

डॅरिलने लगेच सुचवले की बंगल्याच्या मालकाला दिवाणखान्यात शोभेला दुर्बीण हवी आहे, सोनेरी रंग देऊन टाकू, घरातली अडगळ तरी जाईल. हिल्डाला ऑफिसात लोक हसत होते, मंडळात तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती, आणि ती गच्चीवर फिरकेनाशी झाली. इसिडोर मात्र जिना चढून वर आला. सुजलेल्या गुडघ्यांनी, कठडा धरून, मध्ये दोनदा बसून. तो म्हणाला, "कडी असोत नायतर नसोत. माझा आरसा खोटा नाय. मेमध्ये तो ग्रह परत येणार, तवा बगूया. तवा पण हिने फसवलं, तर ने हिला बंगल्यात."

डॅरिल कबूल झाला. माझे आयुष्य असे एका संध्याकाळवर टांगले गेले.

हिल्डाने मग तेच केले जे ती स्टुलावर चढून करत असे. तपासू लागली. एका टळटळीत दुपारी तिने मला उन्हात तिरकी केली आणि आत डोकावली. तोंडाशी वीतभर सोने चमकत होते आणि त्याची झळाळी सरळ आरशावर जात होती. तिने वर पाहिले. समोर समुद्राकडच्या बंगल्यात शूटिंगची उंच क्रेन उभी होती, आणि तिच्या टोकाला एक भला मोठा दिवा होता. प्रेमाच्या दृश्यासाठी खोटे चांदणे पाडणारा. मार्चमधल्या त्या संध्याकाळी हाच दिवा हळूहळू वर चढवला गेला होता. त्याचा उजेड सोनेरी पट्ट्यावर आपटून माझ्या पोटात सांडला, फोटोचा एक कोपरा उजळला, आणि त्या कोपऱ्यातल्या आमच्या ताऱ्यातून मागच्या आभाळाचा उजेड जास्तच वजा होऊन तो आहे त्याहून मंद भासला. त्या लांबच्या ग्रहाला कडे नव्हते, मित्रांनो. कडे माझ्या तोंडात होते, आणि ते मी स्वतः घातलेले नव्हते!

पण हा तिचा अंदाज होता, पुरावा नव्हे. पट्टा तिने त्याच दुपारी काळा केला. दिवा राहिला. तो सरळ तोंडावर आला तर काळा रंगही पुरा पडत नाही. तिने डॅरिलला विनवले की ग्रह येण्याच्या वेळी तेवढा दिवा बंद ठेव. डॅरिल म्हणाला, "बाय, एका ताऱ्यासाठी शूटिंग थांबवू? मला उद्यापासून कोण उभा करणार नाय तिथे."

तसे पाहिले तर त्या बंगल्यात कशाकशासाठी दिवे विझत नसत? हीरोला घाम आला की विझत. जेवण आले की विझत. पण आभाळ बघायचे आहे म्हटले की यांचा वेळ सोन्याचा होतो. नाचता येईना अंगण वाकडे असे मला म्हणणाऱ्यांनी आधी माझे अंगण तरी मोकळे सोडावे.

आणखी एका कारणासाठी मात्र दिवे विझत. गल्लीच्या तोंडाशी जुना क्रूस आहे. मे महिन्यात संध्याकाळी तिथे लोक जमतात, मेणबत्त्या लावतात आणि लदीन, म्हणजे मारियामातेची आळवणी गातात. ती चालू असेपर्यंत बंगल्यातले दिवे आणि आवाज बंद ठेवायचे, असा गावाचा आणि शूटिंगवाल्यांचा जुना करार आहे. हिल्डाने आपली अडचण व्हॅलेन्सियाला सांगितली, कारण आळवणी सुरू करायची ती व्हॅलेन्सियानेच. त्या संध्याकाळी लदीन होतीच. फक्त ती ग्रह येण्याआधीच संपली असती, म्हणून ती लांबवायला हवी होती.

हिल्डाला वाटत होते की हे मागणे बरे नाही, देवाच्या नावाने आपले काम साधल्यासारखे होईल. व्हॅलेन्सिया सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "आभाळ कोणी बनवलं? त्याचंच काम हाय ना? मग त्याच्या नावाने गायलं तर काय चोरी झाली?"

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. क्रूसापाशी मेणबत्त्या लागल्या, हातांच्या आडोशाने, जमिनीलगत. बंगल्यातला खोटा चंद्र विझला. आभाळ एकदम खोल झाले आणि सिंहातला तो साधा तारा माझ्या आरशात स्थिर उतरला. खाली लदीन सुरू झाली. एक एक नाव घेऊन व्हॅलेन्सिया हाक मारी आणि सारा गाव उत्तर देई. आळवणी संपली तेव्हा तिने खाली मान घातली आणि पहिल्यापासून पुन्हा धरली. सारा गाव पुन्हा उत्तर देऊ लागला. दुसऱ्यांदा संपली तेव्हा क्रूसापाशी खुर्ची टाकून बसलेल्या इसिडोरने एक जुने गीत सुरू केले, मग कोणी दुसरे. बंगल्याच्या फाटकाशी शूटिंगचा माणूस घड्याळ बघत उभा होता. त्याने डॅरिलला खुणेने विचारले, आणि डॅरिलने हात वर करून थांब म्हटले. तिसऱ्यांदा लदीन सुरू झाली तेव्हा डॅरिलही त्या घोळक्यात उत्तर देत होता. मी फोटो घेत राहिले. उजेड सरळ राहिला, सरळ राहिला, मग ग्रह आला आणि उतरला.

आधी काहीही नव्हते. रेषेला ना खांदा, ना उतार. त्या ग्रहाला आम्हाला दिसेल असे कडे नाही.

हिल्डाने त्याच रात्री मंडळाला कळवले. मार्चचा उतार खोटा होता, तो शूटिंगच्या दिव्याचा होता, दुर्बिणीच्या तोंडातला रंग आम्ही तसाच ठेवला ही चूक आमची, आणि मेमध्ये कडी दिसली नाहीत. श्रुतिकाने उत्तर दिले की तुमची आणि आमची रेषा आता एकमेकींवर चपखल बसते, आरशाबद्दल बोलले ते मागे घेते. हीच ती एक, जिने शब्द मागे घेतले. बोंबलांवर विनोद करणारा गप्प. वर्तमानपत्र गप्प. गल्लीत फलक नाही, बँड नाही. कडी आहेत या थापेसाठी झेंडू, आणि कडी नाहीत या सत्यासाठी साधी एक पाकळीही नाही! याचा मला राग येतो, मित्रांनो, आणि तो जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी डॅरिलचा टेम्पो दाराशी लागला. मी मनात म्हटले, झाले, निघाले मी दिवाणखान्यात. डॅरिल वर आला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि खांद्यावरचा गठ्ठा खाली टाकला. ते शूटिंगमध्ये नको असलेला उजेड अडवायला वापरतात ते जाड काळे कापड होते. बापाकडे न बघता त्याने ते गच्चीच्या समुद्राकडच्या कठड्यावर बांधायला घेतले. इसिडोरने त्याला एक दोरी पुढे केली.

व्हॅलेन्सिया तेव्हाच निकाल विचारायला आली. हिल्डाने कडी नाहीत असे सांगितले. त्या बाईने बसलेल्या घशाने विचारले, "मग आम्ही एवढा वेळ गायलो ते कशाला?"

"नाय म्हणून कळायलाच, आंटी."

"आणि चंद्र?"

"तो कधी पुढे असतो, कधी मागे. दर वेळी बघावं लागेल."

"मग दर वेळी गाऊ," व्हॅलेन्सिया म्हणाली, आणि खाली मसाल्याला ऊन दाखवायला निघून गेली.

तेव्हा मित्रांनो, आता माझे मागणे ऐका. माझा आरसा रुमालाने पुसू नका. माझ्या तोंडावर हार घालू नका. मी हो म्हटले तर लगेच नाचू नका, आणि नाही म्हटले तर तोंड फिरवू नका. आणि तुमच्या गच्चीवरचा, गेटावरचा, लग्नाच्या मांडवातला एखादा दिवा उगाच आभाळाकडे तोंड करून जळत असेल, तर तो विझवा. आशीर्वाद मागताय ना? आधी दिवा विझवा.